काल्पनिक पात्र

पयल्याच पाटीवर लिहून येते,
यातले काही पात्रं काल्पनिक हायेत.
सातवीतल्या पोट्ट्यानं मोठ्यानं वाचलं.
म्या चटईवर पाय दुमडले,
अन् मंग समजलं,
हे माह्याबद्दल हाय.

शायेच्या भिंतीले पांढरा कपडा.
पुढं बीडीओ सायबाची खुर्ची, बाजूनं सरपंचबाईची,
आमी खिचडीवाल्या बाया पान्याच्या टाकीपाशी.
जमना राठोडचा सिनेमा हाय.
आमच्या लिंगवाडीच्या तांड्यावरची जमना,
देशाकून पयाली, जपानले जाऊन आली,
रेल्वेत सायेब हाय आता.
सिनेमात तिचं नाव जमनाच हाय.
माह्यं रागिनी केलं.

रागिनीचा बाप पाटील, जीपमधून सोडाले येते.
माह्या बापानं सोडलं होतं एकडाव,
बाजाराच्या दिवशी, बंडीत, बोकडाच्या बाजूनं.
रागिनी जमनाच्या जोड्यात काचा टाकते.
जोडे!
दोघीच्याही पायात काई नव्हतं बाप्पा.
अन् माती लाल. मांगं ऊस डोलते.
कोनं गाव हाय हे?
आमच्या इकडं पऱ्हाटी,
अन् माती कायी, मार्चात अशी उलते
का कोंबडीचं पिल्लू आत जाईन.

दुश्मनी होती, नाई म्हनत नाई.
ती पहाटे उठते समजलं, तं मी तिच्या अगुदर उठो.
ती तांड्याच्या धुऱ्यावरून पये,
मी नाल्याच्या अंगानं,
मधात तूर.
तोंड दिसे नाई, श्वास आयकू ये.
एकडाव मनात आलं,
इचू चावला पायजे हिले.
दिवसभर तेच मनात, पोयी भाजताना बी.
हे सिनेमावाल्याइले माईत नाई.
काच माईत हाय, इचू नाई.

शेवटी यवतमायचं मैदान. आठशे मीटर.
रागिनी पुढं असते.
मांगं वयून पाह्यते,
जमनाच्या बापाचा खोकला आठवते तिले,
सनई वाजते,
अन् रागिनी थांबते.
रेघ दोन पावलावर, अन् थांबते,
हातानं म्हनते, जाय.
बीडीओ सायबानं चष्मा काढून डोये पुसले.
टाया.
सारे पोट्टे माह्याकडं वयले.
मावशी, तुमी थांबल्या?

नाई रे.
मी थांबली नाई.
दुसऱ्या फेरीत अंगठा भेगेत गेला,
नख उपटलं, तरी नाई थांबली.
होतं नोतं तेवढं सारं लावलं,
मायचं दूध बी लावलं,
अन् तिचा पाय अगुदर पडला.
वीतभर.
पोहेकर सरच्या शिट्टीत दाना अटकला होता,
शिट्टी वाजलीच नाई,
तरी आमाले दोघीले समजलं.
सत्तावीस वर्सं झाले.
ती वीत माह्यी हाय.
पुरी पयून हारली मी,
कमावलेली हार हाय,
ती कोनं नेली?

अन् जमनाची जीत,
ती तं मंग मी देल्लेली झाली,
चोयीच्या खनावानी.

भांडे घासून झाल्यावर फोन वाजला.
बेबे.
हं.
पाह्यला?
पाह्यला.
बराच येळ तिकून गाडीचा आवाज येत होता.
मी सांगतलं होतं त्याइले, ती म्हने,
ते म्हनत, लोकाइले असंच आवडते.
म्या काई म्हनलं नाई.
राख हातावर वायून राह्यली होती.

मंग तिनं इचारलं,
आलं का गं ते नख?

म्या बल्बाखाली पाय घेतला.
आलं, म्हनलं.
पन वाकडं.